नाव बांधायला शिकवा, जातीला बांधू नका

हिंगोली जिल्ह्यात नाव बांधण्याची विद्या शिकू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी शिष्यवृत्ती निधी उभा करावा, असे आम्ही सुचवले तर पहिला प्रश्न ठरलेला आहे. समुद्र कुठे आणि हिंगोली कुठे? ज्या भागात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची मारामार, तेथील पोरांनी नावा बांधायला शिकून करायचे काय? प्रश्न विचारणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. पण त्याने आपल्या जिल्ह्याचा नकाशा एकदा नीट पाहावा. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात पैनगंगा, कयाधू आणि पूर्णा या नद्या वाहतात. औंढा नागनाथ तालुक्यात सिद्धेश्वर धरण आहे, यवतमाळच्या सीमेवर पैनगंगेचे इसापूर धरण आहे आणि शेजारी जिंतूर तालुक्यात येलदरी आहे. धरणे झाली तेव्हा जमिनी पाण्याखाली गेल्या, आणि त्या पाण्यावर जगणारी माणसे काठावर राहिली.

ही माणसे कोण? प्रामुख्याने भोई. पालखी खांद्यावर वाहायची, उतारूंना नदीपार न्यायचे आणि जाळे टाकून पोट भरायचे, एवढेच काम व्यवस्थेने ज्यांच्या वाट्याला दिले ते हे लोक. सरकारच्या यादीत ते भटक्या जमाती ‘ब’ मध्ये येतात. धरणातील मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेच्या नावाने निघतो, पण पाण्यात उतरणाऱ्याच्या अंगाखाली नाव असेलच याची खात्री नाही. मराठवाड्यातील धरणांवर थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून जाळे टाकणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. ज्यांच्या आजोबांना नाव बांधता येत होती त्यांचे नातू थर्माकोलवर बसतात, याचा अर्थ काय? आजोबांची विद्या नातवापर्यंत पोचली नाही आणि शाळेतली विद्याही त्याच्यापर्यंत पोचली नाही. दोन्ही बाजूंनी तो कोरडा राहिला.

नावेची गरज संपली म्हणून ही विद्या मेली असेल, तर आम्ही हा विषय काढलाच नसता. पण गरज संपलेली नाही. जुलै २०२२ मध्ये वसमत तालुक्यातील कुरुंदा गाव पाण्यात गेले. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातील जिल्ह्यांमागून जिल्हे बुडाले, तेव्हा माणसे काढायला आपत्ती दलाच्या आणि लष्कराच्या बोटी बाहेरून आणाव्या लागल्या. गंगापूर तालुक्यातील भिव धानोरा येथील मुले जायकवाडीचे पाणी थर्माकोलवर बसून ओलांडतात आणि शाळेत जातात, हे २०२३ मध्ये साऱ्या देशाने वाचले. सातारा जिल्ह्यातील खिरखंडीच्या मुली कोयनेच्या पाण्यातून स्वतः नाव वल्हवत शाळेला जातात, याची दखल मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये स्वतःहून घेतली. २१ मे २०२४ रोजी उजनी धरणात कुगाव ते कळाशी प्रवासात वादळी वाऱ्याने बोट उलटली आणि ६ जण बुडाले. मेलेल्यांच्या नातेवाइकांना मदत जाहीर होते, चौकशी जाहीर होते. पण या पाण्यावर कोणती नाव चालावी, ती कोणी बांधावी, बांधणाऱ्याने ते कुठे शिकावे, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

प्रश्न आणखी एका कारणाने तातडीचा झाला आहे. १९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आला आहे. नद्या आणि धरणांवर चालणाऱ्या जलयानांची नोंदणी, तपासणी, प्रमाणपत्र या गोष्टी त्यात आल्या. सुरक्षिततेसाठी हे आवश्यकच आहे, आमचा त्याला विरोध नाही. पण याचा परिणाम काय होणार ते पाहा. उद्या नावेचा आराखडा कागदावर काढावा लागेल, तिच्या तोलाचे गणित मांडावे लागेल, तपासणी अधिकाऱ्यापुढे उत्तरे द्यावी लागतील. ज्याला हे येते तो कारखानदार होईल. ज्याच्या हातात पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे पण कागद वाचता येत नाही, तो त्याच कारखान्यात फायबर घासणारा रोजंदार होईल. कौशल्य आपले आणि मालकी दुसऱ्याची, हे या देशात चामड्यात झाले, विणकामात झाले, लोखंडात झाले. पाण्यावर तरी ते होऊ द्यायचे का?

आणि पारंपरिक नावेला आज किंमत नाही असे कोण म्हणतो? सरकारच म्हणत नाही. भारतीय नौदलाने २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ‘कौंडिण्य’ नावाचे शिडाचे जहाज आपल्या ताफ्यात घेतले. या जहाजाचा आकार कोठून घेतला? आमच्या मराठवाड्यातील अजिंठ्याच्या लेण्यांतून. पाचव्या शतकातील भित्तिचित्रात रंगवलेले जहाज समोर ठेवून हे जहाज गोव्यात बांधले गेले. केरळचे बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखालील कारागिरांनी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या. सांस्कृतिक मंत्रालयाने पैसा दिला. २९ डिसेंबर २०२५ रोजी ते पोरबंदरहून निघाले आणि जानेवारी २०२६ मध्ये ओमानमधील मस्कतला पोचले. आम्हाला या जहाजाचा अभिमान आहे. बुद्धाच्या लेण्यांत ज्याने ते रंगवले त्याने समुद्रावर जाणारे जहाज पाहिले असले पाहिजे, आणि ज्याने ते पाहिले त्याच्या काळात ते बांधणारे हात होते. पण आमचा प्रश्न सरळ आहे. एक जहाज बांधायला सरकारकडे पैसा आहे. तशी जहाजे बांधणाऱ्या कारागिराच्या मुलीला अभियंता करायला किती पैसा आहे? चित्राचा गौरव होतो, जहाजाचा गौरव होतो, बांधणाऱ्याच्या घरात काय शिजते हे पाहायला कोणी जात नाही.

येथे सत्ताधारी पक्षाचे लोक लगेच सांगतील, की १७ सप्टेंबर २०२३ पासून प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना सुरू आहे आणि तिच्या १८ व्यवसायांत नाव बांधणाराही आहे. होय, आहे. १३,००० कोटी रुपयांची योजना आहे. ५ ते ७ दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने ३ लाखांपर्यंत कर्ज दोन हप्त्यांत. ज्या कारागिराचे अर्धे आयुष्य या कामात गेले आहे त्याला याचा उपयोग होईल, हे आम्ही मान्य करतो. त्याने ते जरूर घ्यावे. पण योजनेचा पाया पाहा. कुटुंबात चालत आलेला पारंपरिक व्यवसाय, आणि वयाची किमान अट १८. अठरा वर्षांचा पोरगा म्हणजे बारावीच्या उंबरठ्यावरचा पोरगा. त्याने पदवीला जायचे, तंत्रनिकेतनात जायचे, की सात दिवस शिकून बापाचीच वाट धरायची? गरिबाच्या पोरापुढे रोजचे ५०० रुपये ठेवून हा प्रश्न विचारला, तर उत्तर काय येणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

तामिळनाडूने हा डाव ओळखला, कारण त्यांनी तो आधी एकदा पाहिला होता. १९५३ मध्ये राजगोपालाचारी यांनी मद्रास राज्यात अर्धा वेळ शाळा आणि उरलेला वेळ आईबापाचा धंदा, अशी शिक्षणयोजना आणली. पेरियारांच्या अनुयायांनी तिला कुलशिक्षण म्हणून झोडपले. १९५४ मध्ये कामराज मुख्यमंत्री झाले आणि योजना गुंडाळली गेली. सत्तर वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी विश्वकर्मा योजना आहे त्या स्वरूपात राबवण्यास नकार दिला. कुटुंबाच्या व्यवसायाची अट काढा आणि किमान वय ३५ करा, ही त्यांची मागणी केंद्राने मानली नव्हती. पुढे त्या राज्याने कारागिरांसाठी स्वतःची योजना आणली, तिच्यात जातीची किंवा घराण्याची अट नाही. महाराष्ट्र हा फुले-शाहू-आंबेडकरांचा, असे प्रत्येक व्यासपीठावरून सांगितले जाते. या महाराष्ट्राच्या विधानसभेत असा प्रश्न कोणी धसास लावला?

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या ग्रंथात हा प्रश्न सोडवून ठेवला आहे. जात ही श्रमाची विभागणी असल्याचा दावा करणाऱ्यांना त्यांनी दाखवून दिले, की ती श्रमिकांची विभागणी आहे. धंदा वाईट नाही. जन्मावरून धंदा ठरवणे आणि तो बदलू न देणे वाईट आहे. एका धंद्यातले काम आटले तरी माणसाला दुसऱ्यात जाता येत नाही, म्हणून जात हे बेकारीचेही कारण आहे, हे त्यांनी सांगितले. आमच्यातील काही शहाणे यातून अर्धाच धडा घेतात. पारंपरिक काम म्हटले की ते नाक मुरडतात, आणि नाव बांधणाऱ्याच्या पोराला कारकून होण्याचा सल्ला देतात. दुसरीकडे परंपरेचे गोडवे गाणारे त्याच पोराच्या गळ्यात हार घालतात आणि त्याला तिथेच बसवून ठेवतात. आम्हाला दोन्ही वाटा मान्य नाहीत. ज्याला नाव बांधायची आहे त्याने बांधावी, पण गणितासह, आराखड्यासह, प्रमाणपत्रासह आणि मालकीसह. ज्याला ती बांधायची नाही त्याने खुशाल डॉक्टर व्हावे. आणि ज्याच्या घरात सात पिढ्यांत कोणी वल्हे हातात धरले नाही, त्या आमच्या बौद्ध, मातंग, चर्मकार, आदिवासी, वंजारी, मराठा घरातील मुलीला नाव बांधायची इच्छा झाली तर तिलाही दार उघडे असावे. विद्या जातीतून सोडवायची ती अशी.

आता दुसरा प्रश्न येईल, आणि तो आपल्याच माणसांकडून येईल. भोयांच्या पोरांसाठी आपण का वर्गणी काढायची? आपली पोरे काय कमी उपाशी आहेत? समाजबांधवांनो, बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा त्याच्या दारावर एका जातीची पाटी लावली नाही. १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय सुरू झाले. निजामाच्या राजवटीत शिक्षणापासून वंचित राहिलेल्या मराठवाड्यातील सर्व थरांतील पोरे तेथे शिकली. भटके-विमुक्त हे आमचे पाहुणे नाहीत, ते याच लढाईतले सैनिक आहेत. आज इसापूरच्या काठावरचा भोयाचा मुलगा आपल्या निधीतून शिकला तर उद्या तो कोणाच्या मिरवणुकीत चालेल, याचाही विचार करा. जे त्याला हाताशी धरतील त्यांच्या मिरवणुकीत. आजवर ते काम दुसऱ्यांनी केले आणि आपण पाहत बसलो.

हे शिक्षण मिळते कुठे, हेही सांगितले पाहिजे, कारण आमच्या खेड्यांत माहितीचाच दुष्काळ आहे. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये शिकाऊ उमेदवार भरती होते. तिच्यात ८ वी, १० वी आणि आयटीआय उत्तीर्ण असे वेगवेगळे गट असतात. ८ वी पास मुलासाठी वेल्डर आणि रिगर, पुढच्या गटांत पाइप फिटर, स्ट्रक्चरल फिटर, सुतार असे व्यवसाय असतात. राखीव जागा असतात. लाकडी जहाजाची परंपरा पाहायची तर केरळातील बेपूर आहे, कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावरील बांधणीची ठिकाणे आहेत. बारावीत विज्ञान आणि गणित घेतलेल्यांसाठी कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात, खरगपूर आणि मद्रासच्या आयआयटीत नौका-स्थापत्याची पदवी आहे. म्हणजे आठवी पास रिगरपासून आयआयटीच्या अभियंत्यापर्यंत शिडी उभी आहे. हिंगोलीच्या मुलाला तिची पहिली पायरीच सापडत नाही, कारण ती पायरी शेकडो किलोमीटरवर आहे आणि तेथे पोचायला भाडे, खोली, खानावळ आणि अनामत लागते. शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन मिळते हे खरे, पण पहिल्या महिन्याचे विद्यावेतन हातात पडेपर्यंत तो मुंबईत राहणार कुठे आणि खाणार काय? पोरे शिकण्याआधी येथेच गळतात. आमच्या निधीने पहिला हात येथे द्यायचा आहे.

पण याचा अर्थ सरकारला मोकळे सोडायचे असा नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, ऑक्टोबर १९४२ मध्ये, बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले. त्यात विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिक्षणासाठी आणि परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, आणि त्याबरोबरच सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत आमच्या मुलांना शिकाऊ म्हणून घ्या, अशी मागणी केली. विद्यापीठ आणि कारखाना, दोन्ही दारे त्यांनी एकाच वेळी ठोठावली होती. आज आपण पहिल्याच दाराशी उभे आहोत आणि तेही अर्धवट उघडे आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख आहे. महाडीबीटीवर अर्ज भरून पैसे कधी येतील याची वाट पाहणे हा तर विद्यार्थ्यांचा वेगळाच अभ्यासक्रम झाला आहे. केंद्राच्या परदेश शिष्यवृत्तीत १२५ जागा आहेत. त्यांपैकी भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर या दोघांच्या मुलांना मिळून ४. साऱ्या देशाला ४! आणि २०२५ मध्ये निवड झालेल्या १०६ विद्यार्थ्यांपैकी सुरुवातीला फक्त ४० जणांना पत्रे मिळाली, बाकीच्यांना निधी उपलब्ध झाल्यावर पाहू असे सांगण्यात आले. म्हणून निधी उभारतानाच मागणीही लावून धरावी लागेल. हिंगोलीच्या आयटीआयमध्ये नौकाबांधणीचा व्यवसाय सुरू करा, धरणांवरील बोटी स्थानिक प्रशिक्षित मुलांकडून बांधून घ्या, कारागिरांच्या परदेश शिष्यवृत्तीच्या जागा वाढवा. आपली वर्गणी ही सरकारच्या कर्तव्याला पर्याय नाही. ती आपल्या मागणीला दिलेले तारण आहे.

आता पैसा येणार कोठून? १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी मागितला. तो हिस्सा आपण दिला का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. दर १४ एप्रिलला एकेका गल्लीत डीजेच्या भिंतीवर एका रात्रीत जो पैसा वाजून जातो, तेवढ्यात एका मुलाचे वर्ष निघते. आम्ही जयंतीच्या विरोधात नाही. बाबासाहेबांची जयंती धूमधडाक्यात व्हावीच, पण दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत त्यांच्या नावाने काय शिल्लक राहिले, हेही मोजले जावे.

निधी कसा ठेवावा, याचा धडा आपल्याला बाहेरून आणण्याची गरज नाही. नाशिकच्या बुद्धलेण्यांत दुसऱ्या शतकातील उषवदाताचा शिलालेख आहे. त्याने भिक्खूसंघासाठी ३,००० कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. २,००० महिना एक टक्का दराने आणि १,००० पाऊण टक्का दराने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचे. मोठ्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासातील २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळायचे. याला अक्षयनिवी म्हणत. आणि त्याच लेण्यातील त्याच्या दुसऱ्या एका लेखात असेही कोरले आहे, की या दात्याने तापी, दमण आदी सहा नद्यांवर लोकांना फुकट पार करणाऱ्या नावा ठेवल्या. त्याच लेखात ब्राह्मणांना दिलेल्या दानांचीही लांबलचक यादी आहे, ते आम्ही लपवत नाही. पण कारागिरांच्या श्रेणीवर विश्वास ठेवून कायमचा निधी आणि सर्वांसाठी नाव, या दोन गोष्टी सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी याच भूमीत एकाच लेण्यात कोरल्या गेल्या आहेत, हे विसरता येत नाही.

आपण साधे गणित मांडू. समजा, एका गावात १०० घरे तयार झाली आणि घरटी महिन्याला २० रुपये निघाले. गावाचे वर्षाला २४,००० होतात. अशी ५० गावे मिळाली तर १२ लाख. तीन वर्षे एक पैसा खर्च न करता ठेवले तर ३६ लाख. सहा टक्के व्याज धरले तर वर्षाला २ लाख १६ हजार. एका विद्यार्थ्याला महिना ३,००० रुपये द्यायचे ठरवले तर यातून दरवर्षी ६ मुलांची सोय कायमची होते. फक्त सहा? होय, सहा. पण पुढची वीस वर्षे दरवर्षी सहा, आणि मुद्दल जागच्या जागी. एका वर्षी टाळ्यांच्या गजरात साठ मुलांना धनादेश वाटायचे आणि दुसऱ्या वर्षी पेटी रिकामी, असल्या निधीचा अनुभव आपल्याला पुष्कळ आहे.

निधीच्या अटी मात्र पहिल्या दिवशीच कागदावर याव्यात. धर्मादाय आयुक्तांकडे रीतसर नोंदणी व्हावी. सहांपैकी किमान तीन मुली असाव्यात. दर बुद्धपौर्णिमेला विहारात पै-पैचा हिशेब वाचून दाखवावा आणि वर्तमानपत्रात छापावा. निधीवर कोणत्याही गटातटाच्या पुढाऱ्याचा फोटो नसावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, शिकणाऱ्याला धंद्याचे बंधन नसावे. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांनी बाबासाहेबांना कोलंबियासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, त्या उपकाराचे मोल करता येणार नाही. पण करारात बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याची अट होती. १९१७ मध्ये ती पाळायला गेलेल्या त्या विद्वानाला बडोदे शहरात राहायला जागा मिळाली नाही आणि कार्यालयातील शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून कागद टाकत. राजाचे मन मोठे होते, पण अट ज्या समाजात पाळायची तो समाज जातीचा होता. म्हणून आमच्या निधीतून शिकलेला मुलगा उद्या नाव न बांधता शिक्षक झाला, तर त्याच्याकडे पैसे परत मागू नयेत. त्याने कमवायला लागल्यावर आपला विसावा हिस्सा निधीत टाकावा, एवढीच अपेक्षा.

कळमनुरी, औंढा, सेनगाव, वसमत आणि हिंगोली, या पाचही तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी हा विषय येत्या बैठकीत घ्यावा. प्रत्येक विहारात एक वही ठेवावी, आठवी-दहावी झालेल्या मुलामुलींची नावे धरणकाठच्या गावांत जाऊन लिहून आणावीत, माझगाव डॉकची पुढची जाहिरात निघेल तेव्हा अर्ज भरून द्यायला प्रत्येक तालुक्यात एक शिकलेला माणूस बसवावा. याला पैसा लागत नाही, फक्त माणूस लागतो. वीस रुपये काढायला पुढच्या जयंतीची वाट पाहू नका. सिद्धेश्वरच्या पाण्यावर थर्माकोलचा तुकडा घेऊन उतरणारे पोर आपली वाट पाहत थांबलेले नाही, ते रोज पहाटे पाण्यात उतरते आहे.

जयभीम!